‘काय हवंय?’ असं विचारू नका : छोट्या संस्थेनं पैसा कुठे लावायचा हे ठरवताना

बत्तीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी केली. दिवसभर डोळ्यांसमोरून नोटा जायच्या आणि त्यातली एकही आपली नसायची. रिटायर झाल्यावर जेलरोडच्या आमच्या छोट्या संस्थेनं मला खजिनदार केलं, ते बहुधा याच सवयीमुळे. गेली नऊ वर्षं वही माझ्याकडे आहे.

संस्था म्हणजे फार काही मोठं डोळ्यांपुढे आणू नका. आमच्या अध्यक्षांच्या, म्हणजे अण्णांच्या, घराची पुढची खोली, एक लोखंडी कपाट, सात विश्वस्त आणि महिन्याला वर्गणी देणारे शेजारीपाजारी. पण हल्ली आसपासची मंडळं विचारायला येतात, ‘काकू, तुम्ही कुणाला द्यायचं ते ठरवता कसं?’ दर वेळी चहा करून तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

पहिली चार वर्षं आम्ही काही ठरवतच नव्हतो. दारात येईल त्याला द्यायचं. जो आधी आला, ज्याची एखाद्या विश्वस्ताशी ओळख निघाली, ज्याला चारचौघांत नीट बोलता आलं, त्याला मिळालं. जुलैपर्यंत पैसे खलास. ऑगस्टमध्ये खरीखुरी अडलेली बाई यायची तेव्हा कपाटात नुसती पावतीपुस्तकं असायची.

आधी खरा आकडा काढा

गरजांची यादी करायच्या आधी वही उघडा. आमच्या वर्गणीदारांच्या यादीत ८६ नावं आहेत, महिना ५०० रुपये. झाले वर्षाचे ५ लाख १६ हजार. ठेवींचं व्याज ६३ हजार. वाढदिवस, वर्षश्राद्ध अशा निमित्तानं येणारे साधारण ४८ हजार. बेरीज ६ लाख २७ हजार. सभेत हा आकडा सांगितला की सगळ्यांचे चेहरे फुलतात.

पण नेमानं देणारे ७१च. कुणाची बदली झाली, कुणाला मुलगा पुण्याला घेऊन गेला, कुणी ‘पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देतो’ म्हणणारे. मी आलेल्या पैशावरच हिशेब धरते, येणाऱ्या नाही. म्हणजे ५ लाख ३७ हजार. त्यातून आधी दिलेला शब्द वजा करायचा. पाच मुलींच्या मेसचे पैसे बारावीपर्यंत भरायचं आम्ही कबूल केलंय, एकीचे महिना साडेतीन हजार, वर्षाचे २ लाख १० हजार. मुलगी अकरावीत असताना ‘यंदा आमचं प्राधान्य बदललं’ असं तिला सांगता येत नाही. ऑडिट, छपाई, गाडीभाडं ४२ हजार. अडीनडीसाठी ५० हजार बाजूला. उरतात २ लाख ३५ हजार. वाद घालायचा तो एवढ्यावर.

बाजूला ठेवायच्या रकमेवरून दर वर्षी कुणीतरी कुरकुरतं, की लोकांनी वाटायला दिलेले पैसे आपण दाबून का ठेवायचे. करात सवलत मिळायची तर संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले निदान ८५ टक्के उद्देशासाठी खर्चावे लागतात, १५ टक्क्यांपर्यंत शिल्लक ठेवता येते. आमचे ५० हजार त्यात सहज बसतात. वालदेवी नदीचं पाणी जवळच्या वस्तीत शिरतं तेव्हा कुरकुरणाराच पहिला फोन करतो.

आणखी एक काम याच बैठकीत उरका. संस्थेच्या घटनेतलं ‘उद्देश’ हे कलम मोठ्यानं वाचा. आमच्यात शिक्षण, आरोग्य आणि आपत्तीत मदत एवढंच लिहिलंय. त्याबाहेर खर्च केला तर ऑडिटर शेरा मारतो, आणि शेरा मारलेला अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. हे कलम फार उपयोगी पडतं, हे पुढे येईलच.

विचारायला कधी जायचं

आम्ही दोन ठिकाणी काम करतो : घराजवळची वालदेवीकाठची वस्ती आणि पेठ तालुक्यातले दोन पाडे. पहिल्यांदा आम्ही पाड्यांवर फेब्रुवारीत गेलो, कारण फेब्रुवारीत आम्हाला सवड होती. म्हातारी माणसं आणि कुत्री, बाकी पाडा ओस. दिवाळी झाली की पेठ-सुरगाण्याकडची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात. आम्ही ज्यांना भेटायला ८० रुपये लिटरच्या वर गेलेलं डिझेल जाळत गेलो, ती माणसं आमच्याच रस्त्याला आधी लागलेल्या बागांमध्ये घड काढत होती.

तेव्हापासून विचारणं सप्टेंबरमध्ये, भाताची आवणी म्हणजे लावणी उरकल्यावर आणि माणसं बाहेर पडायच्या आत. ठरवणं जानेवारी-फेब्रुवारीत. एका ठरावीक मर्यादेपुढे उत्पन्न असलेल्या न्यासाला आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या निदान एक महिना आधी अंदाजपत्रक सादर करावं लागतं, त्यामुळे फेब्रुवारीअखेर यादी पक्की होतेच. तुमची माणसं ऊसतोडीला जाणारी असोत की वीटभट्टीवर, त्यांचं वर्ष आधी समजून घ्या आणि तुमच्या बैठका त्यात बसवा.

आणि काय विचारायचं

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. ‘तुम्हाला काय हवंय?’ असं विचारू नका. माणसं भली असतात. तुम्ही काय देऊ शकता याचा अंदाज बांधून तेच मागतात, म्हणजे तुमचीही अडचण होत नाही.

आम्ही करंजाळीच्या पुढच्या पाड्यावर हा प्रश्न विचारला होता. उत्तर आलं, ‘दप्तरं द्या पोरांना.’ आम्ही ४० दप्तरं नेली, फोटो काढले. परतताना एका घरात पाणी प्यायला टेकलो. आत खुंटीला ओळीनं तीन दप्तरं टांगलेली, वेगवेगळ्या रंगांची, वेगवेगळ्या संस्थांची नावं छापलेली. एकात नागलीचं बियाणं होतं, एकात खुरासणी, तिसऱ्यात रेशनकार्ड आणि दवाखान्याचे कागद. आमचं चौथं. घरधनीण ओशाळून म्हणाली, ‘उंदीर लागत नाही ना यात.’ ओशाळायला हवं होतं ते आम्ही.

पुढच्या वर्षी मी प्रश्न बदलला. वही हातात होतीच, म्हणून हिशेबाचाच प्रश्न विचारला : गेल्या वर्षात शेवटचे उसने पैसे कशासाठी घेतले, कुणाकडून, किती, आणि फिटले का? माणूस मागताना दुसऱ्याचा विचार करील, पण कर्ज काढताना स्वतःची नडच बघतो.

उत्तरं भराभर आली. दप्तर एकाच्याही तोंडी नाही. लग्नासाठी होती, ती मी लिहून घेतली पण आमच्या उद्देशात ती येत नाहीत. बैलासाठी होती. पण सव्वीस घरांपैकी अकरा घरांनी सांगितलं ते एकच : रात्रीची जीप. बाळंतीण अडली, नाहीतर आवणीत पान लागलं. पान लागणं म्हणजे साप चावणं, नाव घेत नाहीत. मग डांबरी रस्त्यापर्यंतच्या चार किलोमीटरसाठी आणि तिथून पेठच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत जीप सांगायची. रात्री, पावसात, दीड ते दोन हजार रोख. घरात रोख नसते. मग मुकादमाकडून उचल, आणि ती उचल फेडायला पुढच्या हंगामात त्याच्याच टोळीत कमी मजुरीवर जायचं. म्हणजे एका रात्रीची जीप चार महिन्यांच्या मजुरीला पडते. हे आम्हाला ‘काय हवंय’ या प्रश्नानं सात जन्मांत कळलं नसतं.

या प्रश्नाची एक खोट आहे, तीही सांगते. माणसं ज्यासाठी कर्जही काढत नाहीत अशा गरजा त्यातून निसटतात, आणि त्या बहुतेक बायकांच्या असतात. म्हणून दुसरा प्रश्न जोडला : आधी करत होता आणि आता सोडून दिलं, असं काय आहे? वस्तीतल्या एक मावशी म्हणाल्या, ‘गोधड्या शिवणं.’ का सोडलं? ‘सुईत दोरा जाईना.’ तोवर बोलत बसलेल्या आणखी पाच जणींनी माना हलवल्या. कुणी तांदूळ निवडायचं नातीवर सोपवलेलं, कुणी पॅकिंगचं काम सोडलेलं. चाळिशीचा चष्मा ठोकभावात शंभराच्या आत येतो. त्यासाठी कुणी कुणाकडे हात पसरत नाही, आणि म्हणून तो कुठल्याच यादीत चढत नाही.

हे पैसे दुसऱ्या कुणी द्यायचे होते का?

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे हा प्रश्न लिहा. आम्ही तो न लिहिल्याचे ३५ हजार मोजलेत. वस्तीतल्या एका रिक्षावाल्याच्या ऑपरेशनसाठी एका रुग्णालयाला आम्ही तेवढा चेक दिला. नंतर कळलं की ते ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसत होतं आणि रुग्णालयही योजनेतलं होतं. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चूक आमची. देणाऱ्यानं विचारायचं असतं.

आता दवाखान्याचा अर्ज आला की पैशाचं बोलणं शेवटी. रेशनकार्ड आहे का, आधार आहे का, रुग्णालयात योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला भेटलात का. योजनेत नसेल तर धर्मादाय रुग्णालयाचं बघायचं : न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो ऐन वेळी मिळत नाही, म्हणून आम्ही वस्तीत उन्हाळ्यातच दाखले काढून देतो. एका दाखल्याला आमचा खर्च येण्याजाण्याचा आणि झेरॉक्सचा. त्यावर वाचलेले पैसे मी वहीत वेगळ्या शाईनं लिहिते, अण्णा हसतात.

जीपचंही तसंच तपासलं. १०८ची गाडी फुकट आहे, बाळंतिणीला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याचा खर्च शासनाचा आहे. मग आपण का द्यायचं? तर पाड्यावर फोनला रेंज नाही आणि पावसाळ्यात ती गाडी चार किलोमीटरचा कच्चा रस्ता चढत नाही. रस्ता करणं आमचं काम नाही. पेठ-सुरगाणा आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याच्या क्षेत्रात येतं, तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी विकासाच्या पैशातला पाच टक्के अबंध निधी मिळतो, तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. रस्त्याचा विषय तिथे मांडायला आम्ही अर्ज लिहून दिला. तो मंजूर होईल तेव्हा होईल, तोवर बाळंतीण थांबत नाही. म्हणून आम्ही फक्त त्या चार किलोमीटरचं घेतलं. गरज अशी कापून घ्यायची असते. अख्खी अंगावर घेतली तर सव्वादोन लाखांत फक्त खडी येईल.

चिंचोके

चार-पाच गरजा उरल्या की क्रम लावायला परत लोकांकडे. याची पद्धत सोपी, पण आम्ही दोनदा तोंडघशी पडलो.

पातेली मांडायची, प्रत्येकावर चित्र चिकटवायचं : जीप, पुस्तक, चष्मा, पाण्याची टाकी. प्रत्येकाला दहा चिंचोके, हवे तसे वाटून टाका. पहिल्या वर्षी सगळे एकत्र बसले. पोलीस पाटलांनी सगळे दहा चिंचोके सभामंडपाला टाकले (हे पातेलं आम्ही लोकाग्रहास्तव ठेवलं होतं) आणि त्यांच्यामागून ओळीनं सगळ्यांनी तेच. सभामंडप पहिला. इथे घटनेतलं ते कलम कामी आलं, ‘आमच्या कागदात बसत नाही’ म्हटल्यावर कुणालाही वाईट वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी बायकांना वेगळं बसवलं, तर बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंकडे बघून सगळ्या टाकायला लागल्या.

आता पातेली घराच्या आतल्या खोलीत, वर फडकं, आणि एकेकीनं जायचं. हात फडक्याखाली घालून टाकला की कुठल्यात पडला ते कुणाला दिसत नाही. पुरुषांचे चिंचोके वेगळ्या पातेल्यांत. मोजतानाही दोन्ही वेगळे मोजा आणि सगळ्यांसमोर मोजा. गेल्या खेपेला बायकांचे १४१ जीपला पडले, सभामंडपाला २. टाकी दुसरी आली, पण नळयोजनेचं काम तिथे मंजूर होतं, म्हणून ती वर सांगितलेल्या प्रश्नावर गळाली. लोकांनी वर लावलेलं काही तुम्ही गाळलंत तर त्याच जागी उभं राहून का ते सांगा. नाशिकला येऊन इतिवृत्तात लिहून भागत नाही.

विश्वस्तांची सभा

चिंचोक्यांचा निकाल, उसनवारीची यादी आणि पैसे कुणाचे हे तपासलेलं टिपण, एवढे तीन कागद सभेपुढे ठेवते. विश्वस्तांनी प्रत्येक गरजेला चार प्रश्नांवर दहापैकी गुण द्यायचे : किती घरांना उपयोग, थांबलं तर काय बिघडेल, आपण नाही दिलं तर दुसरं कुणी आहे का, आणि पुढच्या वर्षी पुन्हा द्यावं लागेल का. शेवटचा प्रश्न माझा आग्रहाचा. गावजेवण एकदा घातलं की संपतं, शिक्षिकेचा पगार चालू केला की तो संपत नाही.

गुण बोलणं सुरू व्हायच्या आधी चिठ्ठीवर लिहून घ्या. आमच्याकडे अण्णा आधी बोलायचे आणि मग सगळ्यांचे आकडे अण्णांच्या आकड्याला जाऊन चिकटायचे. ज्याचं नातं-गोतं अर्जदाराशी आहे त्या विश्वस्तानं त्या विषयापुरतं उठून चहा टाकायला जायचं. असा नियम केल्यापासून आमच्या सभेत चहा तीनदा होतो.

गुणांच्या बेरजेला मात्र देव मानू नका. बेरजेत चष्मे खाली गेले होते, कारण ‘थांबलं तर काय बिघडेल’ यात सगळ्यांनी दोन-तीन दिले. सातांपैकी पाच विश्वस्त पुरुष, आणि सातही जणांच्या नाकावर चष्मा! मी ते मोठ्यानं म्हटलं. ठराव मंजूर झाला.

देणाऱ्याच्या मनात वेगळं असतं तेव्हा

२०२७च्या सिंहस्थासाठी अन्नदानाला म्हणून आमच्याकडे आत्ताच पाकिटं यायला लागलीत. ठरावीक कामासाठी म्हणून घेतलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही, तो हिशेबात वेगळा दाखवावा लागतो. म्हणून पावती फाडायच्या आधी बोला. मी माणसाला यादी दाखवते, ‘यातलं एखादं तुमच्या आईच्या नावानं चालेल का?’ दहातले सहा-सात हो म्हणतात. बाकीच्यांना अन्नदान करणाऱ्या जागेचा पत्ता देते. त्यात कमीपणा नाही. आणि २,००० रुपयांवरची रोख घेतली तर देणाऱ्याला देणगीवरची आयकराची सवलत (८०जी म्हणतात ती) मिळत नाही, हेही तेव्हाच सांगायचं, मार्चमध्ये नाही.

नाही म्हणणं

यादी लागली की ज्यांना मिळणार नाही त्यांची नावं त्याच दिवशी तुमच्याकडे असतात. त्यांना ताटकळत ठेवू नका. मी आठ दिवसांत फोन करते, तिघांना तरी जाऊन भेटते. ‘बघू’ हा शब्द आम्ही बंद केलाय. ‘यंदा जमणार नाही, कारण हे. अमुक ठिकाणी हा अर्ज चालेल, तो मी भरून देते.’ एवढंच. एका मुख्याध्यापकांनी फोन आपटला होता, दोन महिन्यांनी तेच आदिवासी विकास विभागाकडचा अर्ज भरायला आले.

गेल्या वर्षीचे २ लाख ३५ हजार असे गेले : दोन पाड्यांना जीपसाठी २५-२५ हजार, चष्मे आणि तपासणी ३० हजार, दाखल्यांचं काम १५ हजार, उरलेलं वस्तीतल्या दहावीच्या मुलांचा वर्ग आणि वह्या-पुस्तकांना. जीपचे पैसे संस्थेकडे नाहीत, बचत गटाच्या पेटीत आहेत, रात्री बारा वाजता जेलरोडला फोन करून उपयोग नाही. वापरणाऱ्यानं जमेल तसं पेटीत परत टाकायचं, व्याज नाही, आणि वहीत ओळ लिहायची.

सप्टेंबरमध्ये ती वही तपासायला गेले. सहा फेऱ्या, सहा आकडे, चार ठिकाणी पैसे परत आल्याची खूण. सातव्या ओळीत नुसती तारीख, पुढे कोरं. मी विचारलं, ‘ही फेरी झाली की नाही?’ वही लिहिणारी पोरगी म्हणाली, ‘जीप आली होती, काकू. पण तोवर बाळंतीण घरीच मोकळी झाली. जीपवाल्यानं पैसे नाही घेतले, पेढा खाऊन गेला.’ रकमेच्या रकान्यात मी शून्य मांडलं आणि खाली सही केली.